सदानंद देशमुख : कापसाच्या रानातील कादंबरीकार

(महोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एका लेखकाविषयी बोलावे अशी आज्ञा मला झाली, आणि लेखक कोणता हे माझ्यावर सोपविण्यात आले. हरिभाऊ आपटे घ्या, खांडेकर घ्या, असे काही स्नेह्यांनी सुचविले. त्यांचा मान राखून मी आपल्या काळातील, आपल्याच मातीच्या जातीचा एक लेखक निवडला आहे. त्यांचे नाव सदानंद देशमुख. सौंसरच्या बाजारात कापसाची गाडी सोडून चहा पिणाऱ्या कास्तकाराला ते आपल्या ओट्यावरचे वाटतील, इतके ते जवळचे आहेत.

देशमुखांचा जन्म 1959 सालचा. गाव अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. नकाशावर हे गाव आपल्यापासून दूर आहे. नागपूर, अमरावती, अकोला ओलांडून जावे लागते. पण 1956 च्या 31 ऑक्टोबरपर्यंत बुलढाणा आणि सौंसर ही दोन्ही ठिकाणे एकाच मध्य प्रदेश राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आपल्या मुलांना आता सांगावी लागते. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. बुलढाणा मुंबई राज्यात गेला, आपण राहिलो तिथेच राहिलो. शाळेची भाषा हिंदी झाली आणि घरची मराठी. माझ्यासारख्याच्या घरची हिंदुस्थानी, बाजारची मराठी आणि शाळेची हिंदी, असा तिपेडी गोफ आहे. असो.

देशमुखांनी बुलढाण्याच्या महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केले. ‘लचांड’, ‘उठावण’, ‘महालूट’, ‘रगडा’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘गावकळा’ हा कवितासंग्रह. ‘तहान’, ‘बारोमास’ आणि ‘चारीमेरा’ या कादंबऱ्या. या नावांकडेच जरा पाहा. एकही नाव पुस्तकी नाही. उठावण, लचांड हे शब्द आपल्या आजीच्या तोंडचे आहेत. चारीमेरा म्हणजे वावराच्या चारही मेरा; ज्याने धुऱ्यावरून भावाशी भांडण केले आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘तहान’ 1998 ची. तिचा विषय गावचे आटलेले पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाचकाला तिची प्रस्तावना करून देण्याचे कारण नाही, म्हणून मी सरळ ‘बारोमास’कडे वळतो.

‘बारोमास’ प्रसिद्ध झाली 2002 साली. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला. दामोदर खडसे यांनी तिचा हिंदी अनुवाद केला आणि त्या अनुवादालाही 2015 चा अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. आपल्यासारख्या सीमेवरच्या गावाला या दुसऱ्या पुरस्काराचे मोल अधिक आहे. आपल्या तालुक्यातील कितीतरी मुले मराठी बोलतात, पण देवनागरीत वाचतात ते हिंदीच. त्यांना आता हे घर बंद राहिलेले नाही.

कथा तनपुरे नावाच्या एका शेतकरी घराची आहे. बाप सुभानराव, कापूस पिकविणारा, कर्जाने वाकलेला. थोरला मुलगा एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला. त्याने शिकावे म्हणून घराने पोटाला चिमटा घेतला. शिकून मास्तर व्हावे हीच सगळ्यांची आशा. पण मास्तरकीसाठी संस्थाचालकांना द्यावयाचा पैसा त्याच्याजवळ नाही. त्यामुळे पदवी घेऊन तो पुन्हा त्याच वावरात उभा आहे, आणि पदवी घेतल्यामुळे त्या वावरातही पुरता रमत नाही. धाकटा मधू झटपट पैशाच्या वाटा शोधतो. एकनाथाची पत्नी अलका शिकलेली, नोकरदाराचा संसार मिळेल या भरवशावर आलेली. या चार माणसांच्या ओढाताणीत घर कसे उसवत जाते, ते देशमुखांनी इतक्या बारकाईने दाखविले आहे की वाचताना शिलाईचा एकेक टाका तुटल्याचा आवाज येतो.

या कादंबरीला शेतकरी आत्महत्येची कादंबरी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यात तथ्य आहे. 1986 च्या 19 मार्चला यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले, तेव्हापासून विदर्भातील कापसाचे दुःख जगासमोर आले. ज्या 2002 साली ‘बारोमास’ निघाली, त्याच वर्षी बी. टी. कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी मिळाली. पुढे 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींची मदतयोजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. म्हणजे सरकारने जे 2006 मध्ये मान्य केले, ते एका मराठीच्या प्राध्यापकाने चार वर्षे आधी घरातल्या माणसांच्या तोंडून सांगून ठेवले होते.

तरीही मला ही कादंबरी प्रथम शिक्षणाची वाटते. माझा पेशा मास्तराचा म्हणून तसे वाटत असेल, अशी शंका कोणी घेतल्यास मी ती मान्य करीन. पण विचार करा. पाऊस न पडणे, बोंडअळी पडणे, भाव पडणे, या तीन पडण्यांची सवय शेतकऱ्याला बापजाद्यांपासून आहे. नवीन गोष्ट एकच घडली. घरातला एक मुलगा शिकला, आणि त्या शिक्षणाने घर वर येण्याऐवजी आणखी खोल गेले. बियाण्यावर केलेला खर्च एका हंगामात बुडतो. मुलाच्या शिक्षणावर केलेला खर्च बुडाला हे कळायला पंधरा-सोळा वर्षे लागतात, आणि तोवर त्या मुलाचे लग्न झालेले असते.

अलकेविषयी दोन शब्द बोलतो, कारण या सभेत भगिनींची संख्या मोठी आहे. ज्या ज्या पुरुष वाचकाशी मी या पुस्तकाविषयी बोललो, त्याने तिला दोष दिला. गरिबीत नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. मुलाला नोकरी लागणारच आहे, असे सांगून आपल्या सर्वच समाजांत सोयरिकी जुळविल्या जातात. हा शब्द देतो मुलाचा बाप, मान डोलावतो मुलीचा बाप, आणि तो शब्द फिरला की झळ बसते त्या दोघांना सोडून तिसऱ्याच जीवाला. देशमुखांनी अलकेला खलनायिका केलेले नाही. तिची बाजू तिला मांडू दिली आहे, आणि मला तर ती पुष्कळ ठिकाणी एकनाथापेक्षा स्पष्ट बोलणारी वाटते.

भाषेविषयी सांगितले पाहिजे. कादंबरीतील माणसे वऱ्हाडीत बोलतात. उद्धव शेळके यांनी 1960 साली ‘धग’ लिहून कौतिक नावाच्या एका कष्टाळू बाईच्या तोंडी हीच बोली घातली, तेव्हापासून वऱ्हाडीला कादंबरीत बसायला पाट मिळाला. देशमुख त्याच पंगतीचे. बुलढाण्याची वऱ्हाडी आपल्यापेक्षा थोडी वेगळी. तिला एका बाजूने मराठवाड्याचे आणि दुसऱ्या बाजूने खानदेशचे वारे लागते. पण ‘काळा’ला ‘काया’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या आपल्या पोरांना वर्गात हसणारे मास्तर मी पाहिले आहेत. त्या मास्तरांच्या हाती हे पुस्तक द्यावे.

दोष नाहीत असे नाही. पुस्तक मोठे आहे, आणि गावच्या पारावरच्या चर्चा काही ठिकाणी फार लांबतात. शेतीच्या अर्थकारणावर पात्रे बोलू लागली की कधी कधी लेखकच बोलतो आहे असे वाटते. मात्र कापूस वेचण्याचे, गाडी भरण्याचे, उधारी मागण्याचे प्रसंग आले की लेखक दिसेनासा होतो आणि वावर दिसू लागते.

माझे वडील पिंजारी होते. अब्बांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरातला कापूस पिंजला, गाद्या भरल्या. चिमूटभर रुई बोटांत धरून ती कोणत्या वेचणीची, ते सांगत. पहिल्या वेचणीच्या रुईला ते बोट लावून नुसते हसत. पण ती पिकविणाऱ्याला काय भाव मिळाला, हे त्या रुईवरून त्यांना कधी कळले नाही, आणि पिंजणाऱ्याची मजुरी काय, हे त्या शेतकऱ्याला कळले नाही. ‘बारोमास’ वाचताना मला प्रथमच त्या धाग्याचे दुसरे टोक दिसले.

आता थोडे आपल्या घरचे. देणगी देऊन मास्तरकी मिळविण्याचा जो प्रकार कादंबरीत आहे, तो आपल्याकडे त्या रूपात कमी. आपल्याकडे अतिथी शिक्षक आहेत. बी. एड. झालेली, माझ्या हाताखालून गेलेली मुले वर्षानुवर्षे अतिथी म्हणून शिकवितात. हा पाहुणा असा की त्याला उन्हाळ्यात घरी जा म्हणतात आणि जुलैत पुन्हा येशील की नाही, हे सांगत नाहीत. त्यांतल्या एकाने मला विचारले, “सर, वडील संत्र्याचा बगीचा विकून दुसरी पदवी घे म्हणतात. घेऊ का?” मी त्याला उत्तर न देता ‘बारोमास’ वाचायला दिली. आठ दिवसांनी त्याने ती परत आणली आणि म्हणाला, “सर, आता वडिलांना वाचून दाखवतो.” बगीचा अजून विकलेला नाही. त्याने दुसरी पदवीही सोडलेली नाही. शेतीची कामे सांभाळून खाजगीरीत्या परीक्षा देतो आहे.

आपला न्यास दरवर्षी शिष्यवृत्त्या देतो आणि त्या घेतलेल्या मुलांची छायाचित्रे या स्मरणिकेतही छापली जाणार आहेत. विश्वस्तांना माझी विनंती आहे की, मागील दहा वर्षांत ज्यांना आपण शिष्यवृत्ती दिली, त्या सर्वांना येत्या दिवाळीच्या सुटीत एकदा बोलवावे आणि आज ते काय करतात, घरची जमीन किती उरली, कर्ज किती झाले, हे विचारावे. शिष्यवृत्ती-समितीची पुढील बैठक त्यानंतर घ्यावी. ग्रंथालयासाठी ‘बारोमास’ची एक प्रत मराठीत आणि एक हिंदीत मी आज आणली आहे. दोन्ही चिटणीसांकडे देतो.