डोंगरवाट आणि श्रमदान



सिन्नरहून ठाणगावाकडे निघालं की पुढे आड, पट्टा, औंढा अशी डोंगरांची रांग दिसू लागते. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी पट्ट्यावर विसावा घेतला, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. गड पाहायला येणारा पाहुणा सुट्टीच्या दिवशी येतो आणि संध्याकाळी परत जातो. पण डोंगरवाडीतल्या माणसाला गुरं, चारा, बाजार, सगळ्याला पायवाटच लागते. आजारी माणसाला भरपावसात झोळीतून खाली आणायचं झालं, तर भरवसा तिचाच. म्हणून वाट नीट करणं हे हौसेचं काम नाही, हे आधी ध्यानात घेऊ.

आता वाट बिघडते कशानं? आपण म्हणतो, पायांनी. पायांनी माती सुटते हे खरं, पण ती वाहून नेतं पाणी. सरळ चढलेली वाट म्हणजे पाण्याला आयती घसरगुंडी. दोन-तीन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. मग माणसं बाजूनं चालतात, तिथलं गवत मरतं आणि शेजारी दुसरा ओहोळ तयार होतो.

यावरचा उपाय सिन्नरकरांना नवा नाही. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपला तालुका होता. भर उन्हाळ्यात गावोगाव माणसांनी टिकाव-फावडी उचलली, समतल चर खणले, दगडी बांध घातले. धावत्या पाण्याला चालायला लावायचं, हे तेव्हा शिकलो. वाटेचं शास्त्रही तेच आहे.

वाट उतारावर आडवी, वळणावळणानं न्यावी. साधारण दहा हात चालल्यावर एक हात चढ, एवढा बेत ठेवावा. दोन हात रुंद वाटेची दरीकडची कड आतल्या कडेपेक्षा दोन-तीन बोटं खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाहेर निसटतं. जिथे चढ जास्त, तिथे दगडांची तिरपी ओळ बसवावी. दगड निम्मा जमिनीत पुरलेला असावा. पायरीचा दगड लांबट निवडून त्याचं लांब अंग डोंगरात घालावं. हेमाडपंती बांधणीत चुन्यावाचून दगड बसवत; दगड आपल्या वजनानं आणि सांध्यानं टिकतो, हा त्यातला धडा आपल्यालाही पुरे. आणि माणसं जिथे जवळचा रस्ता मारतात, तिथे काटेरी फांद्या टाकून तो बंद करावा.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. गडावरच्या जुन्या पायऱ्या, तटाचे दगड पुरातत्त्व खात्याला विचारल्यावाचून हलवू नका. आणि गुरुजी, मुलांना जरूर न्या. पण पहार मोठ्यांच्या हाती असू द्या, आणि वर दगड हलत असताना खाली कुणाला उभं राहू देऊ नका.

श्रमदानात खरी उणीव कुठे राहते, सांगू? पहिल्या दिवशी शंभर माणसं येतात, फोटो निघतात, नारळ फुटतो. पुढच्या वर्षी तिकडे कोणी फिरकत नाही. अमेरिकेत ॲपलाचियन नावाची डोंगरवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली, १९३७ साली ती सलग झाली. लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर! ती आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर टिकून आहे. युक्ती साधी: वाटेचे तुकडे पाडले आणि एकेका मंडळानं आपला तुकडा कायमचा अंगावर घेतला.

आपल्यालाही हे जमेल. शाळेनं शंभर पावलं घ्यावीत, तरुण मंडळानं शंभर, भजनी मंडळानं शंभर. पावसाळ्याआधी एक दिवस आणि दिवाळीनंतर एक दिवस, एवढा वेळ आपल्या तुकड्याला द्यावा.

आणि एक करा. पहिला मोठा पाऊस पडून सरला की छत्री घेऊन वाटेवर जा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं ते पाहा. वाटेचं काय चुकलं ते पाणीच दाखवून देईल; तिथेच पुढचा टिकाव मारा.