यंदा तरी पर्ड्यू!

(१९९०च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, सांगली, १७ ऑगस्ट २०२५ – भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी महिनाभर आधी फोन केला. म्हणाले, "अमेरिकेतून येतोयस, तर दहा-पंधरा मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव." मी विषय सांगितला आणि पलीकडे एकदम शांतता. मग प्रश्न आला, "बास्केटबॉल? अरे, आपल्या शाळेत कोण खेळलंय बास्केटबॉल?"

खरं आहे, कुणीच नाही. पटांगणाच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीजवळ एक गंजलेला खांब होता. त्याला रिंग होती, जाळी नव्हती. आपण त्या रिंगेत दप्तरं फेकायचो. एकाचं दप्तर वरच अडकलं होतं आणि शिपाईमामांनी ते काठीनं काढलं होतं. ज्याचं अडकलं तो आज समोर दुसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगत नाही. आपलं बास्केटबॉल तेवढंच.

तरीही मी आज एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या पुढच्या हंगामाबद्दल बोलणार आहे. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. आमच्या घरी त्याची चर्चा एप्रिलपासूनच चालू आहे. बायको म्हणते, "घरात दुसरा विषय नाही, निदान शाळेत तरी दुसरा घे." पण मला आज जे सांगायचंय त्याला हाच विषय लागतो.

वालचंदमधून मेकॅनिकल करून मी १९९८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकायला गेलो. वेस्ट लाफायेट हे गाव, आजूबाजूला मैलोन्‌मैल मका. तिथल्या टीमला 'बॉयलरमेकर्स' म्हणतात, म्हणजे बॉयलर बनवणारे कारागीर. मानचिन्ह वाघ-सिंह नाही, रेल्वेचं इंजिन आहे. मेकॅनिकलवाल्या माणसाला याहून काय हवं? पहिल्याच हिवाळ्यात एका मित्रानं मला मॅकी अरीनात सामन्याला नेलं. चौदा हजार माणसं एका छपराखाली ओरडत होती. बाहेर बर्फ, आत आपल्या गणपती विसर्जनासारखा आवाज. नियम कळत नव्हते, पण त्या रात्री घसा बसला आणि मी त्या टीमचा झालो. शिक्षण संपलं, नोकरी इंडियानापोलिसला लागली, टीम तीच राहिली.

आता या टीमचं दुखणं सांगतो. पर्ड्यूनं राष्ट्रीय स्पर्धा कधीच जिंकलेली नाही. कॉलेज बास्केटबॉलमधला सगळ्यांत मोठा प्रशिक्षक मानला जातो तो जॉन वुडन. तो शिकला पर्ड्यूत, १९३२ साली तिथूनच पदवी घेतली. पण दहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यानं कुणाला मिळवून दिली? कॅलिफोर्नियाच्या यूसीएलएला. १९६९ साली पर्ड्यू पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचली, तर समोर यूसीएलए आणि बाकावर वुडन. आपल्याच शाळेच्या पोरानं आपल्याला ९२–७२ असं हरवलं.

स्पर्धा मार्चमध्ये असते. मार्च म्हटलं की आपल्याला बोर्डाची परीक्षा आठवते, तिथं ही. अडुसष्ट टीम, एक सामना हरला की घरी. मुख्य फेरीपासून विजेतेपदासाठी ओळीनं सहा सामने जिंकावे लागतात. टीमना एक ते सोळा असे क्रमांक देतात आणि पहिल्या फेरीत एक नंबरवाल्याची गाठ सोळा नंबरवाल्याशी पडते. एक नंबरवाले हरत नाहीत असं धरूनच लोक बसलेले असतात. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात ते दोनदाच हरलेत. पहिल्यांदा २०१८ साली व्हर्जिनिया. दुसऱ्यांदा २०२३ साली, कोण? अर्थात आम्ही.

१७ मार्च २०२३. आमच्याकडे झॅक ईडी होता, सात फूट चार इंच, देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर फेअरली डिकिन्सन नावाचं छोटं विद्यापीठ, उंचीनं त्या श्रेणीतली सगळ्यांत बुटकी टीम. ती पोरं खो-खोच्या पोरांसारखी नुसती पळत होती, बॉल ईडीपर्यंत सहज पोहोचू देत नव्हती. ६३–५८. आम्ही हरलो. पुढचे पंधरा दिवस देशभर आमची टिंगल झाली. मी ऑफिसात जेवायला खाली गेलो नाही, डबा टेबलवरच खाल्ला.

त्या रात्री पर्ड्यूकडून अठरा-एकोणीस वर्षांची दोन पोरं पहिल्या पाचात खेळत होती, कॉलेजातलं पहिलंच वर्ष. ब्रेडन स्मिथ, जेमतेम सहा फूट, टीम चालवणारा. आणि फ्लेचर लॉयर, लांबून नेम धरणारा. तिसरा ट्रे कॉफमन-रेन, बाकावरून येऊन खेळणारा. तिघंही इंडियानाचेच. मला वाटलं, ही पोरं आता जाणार.

का वाटलं ते सांगतो. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागायचं. आता तसं नाही. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि यंदाच्या १ जुलैपासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे दर वसंतात बाजार भरतो. यंदा पुरुषांच्या वरच्या श्रेणीत दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी कॉलेज बदलण्यासाठी नावं नोंदवली. मी त्यांना नावं ठेवत नाही. गुडघा एकदा गेला की गेला, मिळतात तेव्हा पैसे घ्यावेत. आपणही पगार बघूनच नोकऱ्या बदलल्या आहेत.

पण ही तिघं गेली नाहीत. पुढच्या वर्षी ईडीसकट परत आली आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. शेवटच्या चारांत आम्ही त्याआधी १९८० साली होतो, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं. अंतिम सामन्यात कनेटिकटनं आम्हाला ७५–६० असं हरवलं. ईडीनं एकट्यानं ३७ गुण केले, ते पुरले नाहीत. मग तो व्यावसायिक संघात गेला. पुन्हा वाटलं, संपलं. ही तिघं पुन्हा थांबली. गेल्या मार्चमध्ये शेवटच्या सोळांत ह्यूस्टनशी गाठ पडली, तीही इंडियानापोलिसला. मी स्टेडियममध्ये होतो. ६०–६० बरोबरी. एक सेकंदही उरला नव्हता तेव्हा त्यांनी बास्केट केली. ६२–६०. शेजारचा म्हातारा माणूस टोपी काढून नुसता बसून राहिला, मी त्याला पाण्याची बाटली दिली. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

आणि आता ही तिघं शेवटच्या वर्षासाठी परत येताहेत.

तर हंगाम कसा जाईल? गेल्या वर्षी आमची दुबळी बाजू म्हणजे बास्केटखालची जागा. ईडी गेला. त्याच्या जागी आलेला डॅनियल जेकबसन, तोही सात फूट चार इंच, दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून वर्षभर बाहेर. रिंगेवरून परत आलेला बॉल समोरचे घेऊन जायचे आणि आम्ही बघत बसायचो. यंदा जेकबसन बरा होऊन आलाय. शिवाय ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर क्लफ साउथ डकोटा स्टेटमधून आलाय. गेल्या वर्षी तिथं त्यानं सामन्याला सरासरी बाराच्या वर रिबाउंड घेतले, म्हणजे परत आलेले बॉल पकडले. हे भोक बुजलं असं मी धरतो.

काळजी स्मिथची आहे. तो सामन्याची चाळीस मिनिटं जवळजवळ पूर्ण खेळतो. समोरचे आळीपाळीनं ताजी पोरं त्याच्या अंगावर सोडतात. मार्चपर्यंत त्याचे पाय टिकायला हवेत. त्याला दहा मिनिटं बसवता येईल असा दुसरा कुणी तयार झाला, तर आम्ही जिंकू. नाही झाला, तर पुन्हा शेवटच्या मिनिटात काहीतरी होईल. आमची बिग टेन लीग आता अठरा टीमची आहे, कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास. त्यात यूसीएलएही आलीय, म्हणजे वुडनचं भूत दरवर्षी भेटणार. त्याआधी नोव्हेंबरात अलाबामाच्या मैदानावर खेळायचंय, डिसेंबरात आयोवा स्टेट आमच्याकडे येणार. जाणकार आम्हाला पहिल्या-दुसऱ्या नंबरवर धरताहेत. मला त्याची भीती वाटते. २०२३ सालीही आम्ही एक नंबरवरच होतो.

स्मिथचं आणखी एक. बास्केटबॉलमध्ये 'असिस्ट' मोजतात, म्हणजे तुमच्या पासवर दुसऱ्यानं लगेच बास्केट केली तर ते तुमच्या नावावर. थोडक्यात, योग्य वेळी दिलेला खो. चार वर्षांतला विक्रम ड्यूकच्या बॉबी हर्लीचा, १,०७६, १९९३पासून अबाधित. स्मिथला अजून तीनशेहून जास्त हवेत. गेल्या वर्षी त्यानं एवढे केले होते, म्हणजे होण्यासारखं आहे.

शेवटच्या चारांचे सामने एप्रिलच्या ४ आणि ६ तारखेला आहेत. कुठे? इंडियानापोलिसला, जिथं ह्यूस्टननं हरवलं त्याच स्टेडियममध्ये. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मी दरवर्षी म्हणतो, "यंदा तरी पर्ड्यू!" यंदा पहिल्यांदाच ते म्हणताना आवाज जरा दबतोय.

आता खो कुणी दिला आणि कुणी उठला याकडे येतो.

नववीत असताना मिरजेला आपला आंतरशालेय खो-खोचा अंतिम सामना होता. शेवटचं आक्रमण आपलं, अर्धं मिनिट बाकी, एक गडी बाद केला की बरोबरी. मी चौथ्या पाटीवर बसलो होतो. आपला गडी माझ्या मागे आला आणि त्यानं खो द्यायच्या आधीच मी उठलो. पळणारा हातभर अंतरावर होता. मी त्याला शिवलोही. पंचांनी शिट्टी मारली, फाउल, गडी नाबाद. सामना गेला. परत येताना एसटीत सरांनी भडंगाची पुडी सगळ्यांना फिरवली, मला दोनदा दिली. मला एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर आलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी सांगितलं, दहावीचं वर्ष जवळ आलंय, अभ्यास आहे. आईला ते आवडलंच. पुढे कॉलेज, परदेश, नोकरी. लोकांना वाटलं, पोरगा किती अभ्यासू. तुमच्यातल्या काही जणांनाही आजपर्यंत तेच वाटत असेल. मागच्या दोन मेळाव्यांना मी रजा नाही असं कळवलं होतं. रजा होती.

२०२३ सालची ती रात्र झाल्यावर मी आपल्या टीमच्या कॅप्टनला फोन केला. तोही इथंच आहे. मी विचारलं, "अरे, मिरजेच्या दुसऱ्या दिवशी काय झालं होतं रे?" तो म्हणाला, "काय होणार? सहाला सगळे आले. तू नव्हतास. सरांनी तुझी पाटी मोकळी ठेवली आणि आठ जणांत सराव घेतला. आठवडाभर मोकळीच होती." पुढच्या वर्षी तुम्ही सगळे दहावीत असूनही खेळलात आणि उपांत्य फेरीत हरलात. तेही मला तेव्हाच कळलं.

म्हणून ही तीन पोरं परत आली तेव्हा मला जे वाटलं ते नुसतं टीमबद्दलचं प्रेम नव्हतं. देशानं हसलेली पोरं त्याच टीममध्ये पुन्हा सरावाला गेली. मी एका सांगली-मिरजेपुरत्या हरण्यानंतर जाऊ शकलो नव्हतो. त्यांनी कप जिंकावा असं मला फार वाटतं. पण नाही जिंकले तरी ते परत आले होते, एवढं माझ्याजवळ राहील.

सर, तुम्ही समोर बसला आहात. मिरजेची माफी मी मागत नाही. फाउल कुणाकडूनही होतं, हे तुम्हीच शिकवलंत. माफी दुसऱ्या दिवशीची मागतो. आणि टीममधल्या सगळ्यांचीही.

आता थोडं व्यवहाराचं. एप्रिलमध्ये कुणी अमेरिकेत असाल तर आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिकिटांचं मी बघतो. पर्ड्यू नसली तरी सामने होणारच आहेत. आणि शाळेची पोरं अजून सकाळी सहालाच सरावाला येतात, असं मघाशी कळलं. माझं परतीचं विमान मंगळवारी आहे. उद्या सकाळी मी मैदानावर येतोय. सर, पळणं होणार नाही, गुडघे गेलेत. पण पाटीवर बसायला सांगितलंत तर बसेन, आणि या वेळी खो मिळाल्याशिवाय उठणार नाही.