हात बसण्याची भाषा



नव्या कामात रुळणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत रूढ झालेले अनेक वाक्प्रचार एखाद्या पेशाची खूण अंगावर वागवतात. कामाची रीतभात समजून घेणाऱ्याविषयी ‘तो दोर शिकतो आहे’ अशा अर्थाचे इंग्रजीत म्हणतात, आणि या प्रयोगाचे मूळ सामान्यतः शिडांच्या जहाजात शोधले जाते, जिथे कोणता दोर कोणत्या शिडाचा हे खलाशाला काळोखातही कळावे लागे. पहिल्या कर्तबगारीने नाव कमावणाऱ्याने ‘टाचेची आर मिळवली’ ही कल्पना मध्ययुगीन सरदारांकडून आली. मराठीत मात्र अनुभवाचा हिशेब बहुधा शरीरावरच मांडला जातो: काम जमू लागले की ‘हात बसतो’, सवयीचे झाले की ते ‘अंगवळणी पडते’, आणि चुकतमाकत शिकलेला माणूस ‘टक्केटोणपे खाल्लेला’, म्हणजे ठोसे व तडाखे सोसलेला, ठरतो. इंग्रजीतही हातादातांचे वाक्प्रचार आहेत, त्यामुळे हा भेद फार न ताणलेला बरा.

हात बसण्याच्या या भाषेचा खानदेशातील सर्वांत मोठा पुरावा म्हणजे बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी बाईंनी घरकाम आणि शेतीकाम करता करता गाणी रचली, ती मुलगा सोपानदेव व इतर नातलगांनी उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. ज्यांचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ही गोष्ट पदवीप्रदान समारंभात थोडी मोठ्याने सांगायला हरकत नाही.

धुळ्याचे उदाहरण पंडिताचे आहे, तरी बात तीच. मोडी, म्हणजे भराभर लिहिण्यासाठी रूढ असलेली लपेटीची जुनी लिपी, लिहिणाऱ्याच्या वळणागणिक बदलते. तिची अक्षरे थोड्या दिवसांत पाठ होतात, परंतु ढीगभर कागद हाताखालून गेल्यावाचून नजर बसत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली ती याच तयारीवर. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांचा वारसा तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपला.

अशीच नजर केळीच्या बागेत लागते. बुंध्याभोवती फुटणारी पिले, म्हणजे नवे कोंब, मुख्य झाडाचे अन्न वाटून घेतात म्हणून ती कापली जातात, पण पिलबाग, म्हणजे त्याच बुडख्यावरचे पुढचे पीक, घ्यायची असेल तर एक पील राखावे लागते, आणि ते कोणते हे जाणता शेतकरी उभ्या उभ्या ठरवतो. का, असे विचारले तर त्याला नेमके सांगता येईलच असे नाही.

शब्दकोश ‘हात बसणे’ यासारख्या प्रयोगांचा अर्थ देतात, त्यांच्यामागचे काम क्वचितच दाखवतात. ही उणीव आपल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला भरून काढता येईल: प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या व्यवसायातील, मग तो शेतीचा असो, सोनारकामाचा असो वा गॅरेजचा, शिकण्यासंबंधीचे बोल टिपावेत, आणि शब्दासोबत तो कोणत्या गावी, कोणते काम चालू असताना उच्चारला गेला हेही नोंदवावे.