किडकी पिशवी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी ओळख ‘यशस्वी सेंद्रिय शेतकरी’ अशी करून दिली गेली. त्यातलं पहिलं विशेषण काढून टाकलं, तर मला मोकळेपणानं बोलता येईल.

सासवडजवळ आमची 25 गुंठे जमीन आहे. नोकरी सोडून तिथे भाजी करायला लागले तेव्हा माझं भांडवल म्हणजे कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी करून घेतलेला मेथीचा वाफा. आपण सगळं बी एकाच दिवशी टाकलं आणि शेवटी जुड्या शिक्षकांच्या खोलीत वाटत बसलो, आठवतंय? तीच चूक मी पहिल्या वर्षी केली. मेथी महिन्याभरात काढायला येते आणि मग थांबत नाही. सगळी एकदम बाजारात नेली, टेम्पोचं भाडंही सुटलं नाही. तेव्हापासून दर आठवड्याला एकच वाफा. सोबत शेपू, पालक, वांगी, मांडवावर दोडका, कडेनं झेंडू. पुण्यातली 36 घरं ठरलेली, दर शनिवारी पिशवी जाते.

जीवामृत घरीच करते : 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वासाबद्दल आमच्या ह्यांना विचारा.

चौथ्या पावसाळ्यात वांग्यावर शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आली. ही एकदा आत शिरली की वरून काहीही मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. कामगंध सापळे वेळेवर लावायचे, सुकलेले शेंडे रोज खुडून नष्ट करायचे, हाच उपाय. मला उशीर झाला होता. त्यात मुलाची फी भरायची होती. एका संध्याकाळी दुकानातून बाटली आणली आणि पंप पाठीला लावला.

शनिवारी पिशव्या भरताना हात चालेना. सासूबाई म्हणाल्या, “कुणाला कळणारे?” खरंच कळलं नसतं. वांगी कशी तुकतुकीत दिसत होती! पण ‘बिनफवारणीची’ म्हणून मी ती विकत होते. शेवटी सगळ्यांना फोनवर लिहून कळवलं : मी फवारलंय, कोणतं औषध तेही सांगते, या हंगामात माझ्याकडून वांगी येणार नाहीत. तोडलेली खड्ड्यात पुरली.

11 घरांनी भाजी बंद केली. दोघींनी फार कडक लिहिलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पुढे चार घरं परत आली, सात नाही आली. राहिलेल्यांतल्या एका आजींनी मात्र विचारलं, “अगं, किडकं तेवढं कापून टाकायला आम्हाला हात नाहीत का? अर्ध्या भावात दे.” त्यातून आमची ‘किडकी पिशवी’ सुरू झाली. आज चांगल्या पिशवीआधी तीच संपते.

आणि हो, नोकरी सोडायच्या विचारात असलेल्यांना माझं उदाहरण देणार असाल तर हेही सांगा की घर अजून ह्यांच्या पगारावर चालतं. शेत स्वतःचा खर्च आणि एका मावशींची वर्षभराची मजुरी काढतं, वर थोडं उरतं.

मागच्या टेबलावर दोन टोपल्या ठेवल्यात. डावीकडची किडकी, त्यांचे पैसे नकोत. मेथी नेलीत तर आज रात्रीच निवडा, उद्यापर्यंत पिवळी पडेल.