साथ सगळ्यांची, मदत मोजक्यांची

२०१९ साली अमेरिकेत परदेशात जन्मलेल्या कामगारांपैकी बेकार होते ३.१ टक्के, तिथेच जन्मलेल्यांपैकी ३.९. परमुलखात माणूस मिळेल ते काम धरतो, रिकामं बसणं त्याला परवडत नाही. मग कोरोना आला. २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांची बेकारी ९.२ टक्क्यांवर गेली, स्थानिकांची ७.८ वर. पारडं फिरलं.

परदेशातून आलेले अनेक जण करतात ती हॉटेलातल्या खोल्या आवरणं, उपाहारगृहात भांडी घासणं अशी कामं घरी बसून होत नाहीत. दाराला कुलूप लागलं की मजुरी बंद. मांसाचे कारखाने चालू राहिले, पण तिथे कामगार खांद्याला खांदा लावून उभे. रोजगार टिकला तो आजाराच्या सोबतीने.

खरी मेख पुढेच आहे. मार्च २०२० मध्ये सरकारने ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना माणशी १,२०० डॉलर द्यायचे ठरवले, मुलामागे ५००. अट अशी, की कामाची परवानगी असणाऱ्यांना मिळणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. तो नसलेले लाखो लोक वेगळा क्रमांक घेऊन इमानेइतबारे कर भरतात. कर घेताना ते सरकारला दिसले, पैसे वाटताना दिसले नाहीत. त्याहून विचित्र म्हणजे नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं आणि एकाकडे नंबर नसला, तर दुसऱ्याचे पैसे गेले, अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाचेही गेले. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या मंडळींनाही ही अट नडली. कामाची परवानगी नसलेल्या बायकोकडे हा नंबर सहसा नसतो. वर नोकरी गेली की नवी शोधायला मुदत साठ दिवसांची. डिसेंबरमध्ये जोडीदाराची आणि मुलांची अडचण कायद्याने दूर केली. ज्याच्याकडे नंबर नाही तो स्वतः बाहेरच राहिला.

आणि ही मदत किरकोळ नव्हती. सरकारी मदत हिशेबात धरणाऱ्या मोजणीनुसार अमेरिकेतलं दारिद्र्य त्या वर्षी ११.८ टक्क्यांवरून ९.१ वर आलं. महामारीच्या वर्षात गरिबी घटली! म्हणजे उपाय ठाऊक होता, पैसाही होता. वगळलेल्यांची गरिबी मी तरी रोगाच्या खात्यावर मांडणार नाही. ती कायद्याने ठरवून ओढवलेली होती.

काही राज्यांनी आपल्यापुरती वाट काढली. कॅलिफोर्नियाने कागदपत्रं नसलेल्या प्रौढांना ५०० डॉलर दिले. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये २.१ अब्ज डॉलरचा निधी काढला, एकेकाला जास्तीत जास्त १५,६०० डॉलर. ऑगस्टमध्ये अर्ज सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये निधी संपला.