ब्रायटन नगरीत स्वागत: स्वागताध्यक्षीय भाषण

सार्वजनिक मालकीच्या जमिनीवरील वारसास्थळांचे जतन या विषयावरील परिषदेसाठी महाराष्ट्रातून आणि ब्रिटनच्या निरनिराळ्या शहरांतून आलेल्या प्रतिनिधींचे, सन्माननीय अध्यक्षांचे आणि निमंत्रित अभ्यासकांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. विद्यापीठांची आणि राजसत्तेची मोठी ठाणी सोडून समुद्रकाठच्या या हवापालटाच्या गावाला यजमानपद मिळाले, याचा समितीला अभिमान वाटतो. व्यवस्थेत कुठे काही उणे राहू नये याची धाकधूकही तेवढीच आहे.

ब्रायटन हे मुळात कोळ्यांचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाचे औषधी गुण सांगितले, १७८३मध्ये पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला युवराज येथे आला आणि गावाचे नशीब पालटले. पाटण्याहून आलेले शेख दीन महंमद यांनी याच किनाऱ्यावर चंपी-मालिशाचे स्नानगृह थाटले, दोन राजांची मर्जी संपादन केली, आणि सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आजही आहे. जगातील सर्वांत जुनी चालू विद्युत रेल्वे, १८८३ची फोक्स रेल्वे, याच वाळूगोट्यांच्या काठाने धावते. परंतु गावाचे खरे भूषण म्हणजे त्याच युवराजाचा महाल, रॉयल पॅव्हिलियन. जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२२ या काळात त्यावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट आणि मिनार चढवले. राणी व्हिक्टोरियाला हा महाल रुचला नाही. सामानसुमान काढून नेण्यात आले आणि इमारत पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा १८५० साली गावाने ५३,००० पौंड मोजून तो विकत घेतला. राजाचा महाल जनतेच्या मालकीचा झाला आणि म्हणूनच वाचला, ही घटना या परिषदेच्या विषयाची नांदीच मानावी लागेल.

याच महालात १९१४च्या डिसेंबरपासून फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय चालू झाले. त्या आघाडीवर न्यू शापेल येथे २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्यांनी प्रचंड हानी सोसली होती, हे पुण्याकडील प्रतिनिधींना सांगण्याची गरज नाही. रुग्णालयात धर्म आणि जात पाहून नऊ स्वयंपाकघरे मांडली होती, हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याची सोय वेगवेगळी होती. गावातील रुग्णालयांत जे हिंदू आणि शीख जवान मरण पावले, त्यांपैकी ५३ जणांना पॅचम या वस्तीच्या वर, साउथ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेवर, अग्नी देण्यात आला.

येथे जॉन ओटर या गृहस्थांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे समितीला अशक्य आहे. महायुद्धाच्या त्या वर्षांत ते ब्रायटनचे महापौर होते. त्यांच्या नावाला आज गावात फारशी ओळख उरलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट दास गुप्ता यांनी १९१५मध्ये दहनभूमीवर स्मारक व्हावे अशी कल्पना मांडली. ती ओटर यांनी उचलून धरली आणि इंडिया ऑफिस या हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या मागे लकडा लावून तडीस नेली. खर्च इंडिया ऑफिस आणि ब्रायटन कॉर्पोरेशन यांनी वाटून घेतला, जमीन कॉर्पोरेशनकडे आली. सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांच्या शिफारशीवरून आराखड्याचे काम मुंबईचे तरुण वास्तुकार ई. सी. हेन्रीक्स यांच्याकडे गेले, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते या स्मारकाचे, म्हणजे ‘छत्री’चे, अनावरण झाले. आठ खांबांवर तोललेला पांढऱ्या सिसिलियन संगमरवराचा घुमट आणि पायऱ्यांपुढे ग्रॅनाइटच्या तीन शिळा, असे तिचे रूप आहे. त्या शिळा जेथे चिता रचल्या गेल्या नेमक्या त्या चौथऱ्यांवर बसवलेल्या आहेत, याची जाणीव ठेवूनच तेथे पाऊल टाकावे, अशी विनंती आहे.

जमीन कॉर्पोरेशनची झाली, परंतु तेवढ्याने वास्तू सुरक्षित झाली नाही. पुढील काळात तिची आबाळ झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात हा डोंगर लष्करी सरावासाठी बंद झाल्यावर छत्रीच्या संगमरवरावर गोळ्या लागल्या. युद्धानंतर सरकारी खर्चाने दुरुस्ती झाली, आणि १९५१पासून रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने दरवर्षी अभिवादनयात्रा सुरू केली. ती १९९९मध्ये थांबली, तेव्हा स्थानिक नागरिकांच्या छत्री मेमोरियल ग्रुपने ती पुढे चालवली. दहन झालेल्या ५३ जणांची नावे तर २०१०मध्ये दगडावर कोरली गेली. मुसलमान सैनिकांसाठी वोकिंगजवळ हॉर्सेल कॉमनवर बांधलेल्या दफनभूमीत नासधूस होऊ लागल्याने १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथील अवशेष ब्रुकवुडला हलवावे लागले, हे पाहता समितीचे मत स्पष्ट आहे: सातबारा सरकारच्या नावावर असला तरी राखण गावकऱ्यांनीच करावी लागते, आणि सरकारला तिची आठवण वर्षातून एकदा तरी करून द्यावी लागते.

पुरातत्त्वाच्या अंगानेही हे गाव संपन्न आहे. शर्यतीच्या मैदानालगतचा व्हाइटहॉक कॅम्प ही सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, चरांच्या वर्तुळांनी वेढलेली नवाश्मयुगीन जागा आहे. ती ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ म्हणजे शासनाच्या संमतीवाचून जेथे कुदळ मारता येत नाही असे स्थळ आहे. तरी शर्यतीची धावपट्टी आणि एक रस्ता तिच्या अंगावरून गेलाच. शेजारच्या होव्हमधील मोठी दफनटेकडी १८५६-५७मध्ये वसाहतीसाठी सपाट करण्यात आली. त्यातून हाती लागलेला अंबरचा पेला प्रतिनिधींनी अवश्य पाहावा. राखणीचा हाच प्रश्न तिकडेही आहे: महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना २०२५मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले आठ केंद्राकडे आणि चार राज्याकडे आहेत. त्यांच्या पायथ्याच्या गावांना राखणीत कोणते स्थान द्यावे, याचा विचार या सभागृहात व्हावा, अशी यजमानांची अपेक्षा आहे.

आता त्रुटींविषयी. छत्रीपर्यंत मोटार जात नाही. शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा चढ मेंढ्यांच्या कुरणांतून पायी चढावा लागतो, पाऊस पडल्यास खडूची माती विलक्षण निसरडी होते आणि वारा हातातली छत्री उलटी करतो. ज्येष्ठ प्रतिनिधींसाठी तेथपर्यंत वाहन नेण्याची परवानगी मिळवता आली नाही, याबद्दल समिती क्षमा मागते. शनिवार-रविवारचे हॉटेलदर पाहता बऱ्याच पाहुण्यांची सोय घरांतून करावी लागली, त्यांत काहींना पोटमाळ्यावरच्या खोल्या मिळाल्या आहेत. सभागृहात शेगडी पेटवण्यास मनाई असल्याने जेवण बाहेरून येईल; पोळ्या गरम राहाव्यात म्हणून शक्य ते केले आहे, तरी पहिल्या पंगतीनंतर त्यांची ऊब कमी झाल्यास राग मानू नये. किनाऱ्यावर खाद्यपदार्थ उघडे धरू नयेत, कारण सीगल पक्षी ते हातातून ओढून नेतात.

पाळ्या बदलून घेऊन वेळ आणि देणगी दोन्ही देणारे येथील रुग्णालयांतील मराठी डॉक्टर आणि परिचारिका; तांदूळ, डाळ आणि तूप नफा न घेता देणारे गुजराती दुकानदार; मोठी पातेली आणि परातींसह सेवेकरीही पाठवणारा गुरुद्वारा; लंडनहून सतरंज्या, समई आणि ध्वनिवर्धक घेऊन आलेली तरुण मंडळी; आपली अंथरुणे पाहुण्यांना देऊन बैठकीच्या खोलीत झोपणारी यजमान कुटुंबे; नावे न छापण्याच्या अटीवर मोठ्या रकमा देणारे दोन देणगीदार; आणि डोंगरावरची प्रत्येक पायवाट ठाऊक असलेले, मार्गदर्शक म्हणून विनामोबदला येणारे स्थानिक इंग्रज हौशी संशोधक, या सर्वांची समिती ऋणी आहे. उद्या सकाळी नऊ वाजता सभागृहाच्या दारातून बस सुटेल, प्रतिनिधींनी पायांत भक्कम बूट घालावेत. आणि आता सन्माननीय अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.