केटामाइन : निवड उपचाराची, कसोटी देखरेखीची



केटामाइन हे मूळचे भूल देण्याचे औषध. अमेरिकेत त्यास १९७० साली मान्यता मिळाली. इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर आज त्याचा उपयोग होतो. गुण काही तासांत दिसू शकतो. मात्र तो फार काळ टिकत नाही, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागते.

तेथे मार्ग मुख्यतः तीन. शिरेवाटे औषध सुमारे ४० मिनिटांत सोडतात. त्रास होताच ते थांबविता येते. तथापि नैराश्यासाठी या पद्धतीस औपचारिक मान्यता नाही. एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्यास ती २०१९ साली मिळाली. पण त्यानंतर रुग्णास किमान २ तास देखरेखीखाली ठेवावे लागते. तिसरा मार्ग घरी गोळ्या घेण्याचा. तो सोयीचा खरा. परंतु रक्तदाब चढला, श्वास मंदावला, तर जवळ कोण? हाच इशारा तेथील औषध प्रशासनाने २०२३ साली दिला.

यास्तव पहिला प्रश्न 'गुण किती लवकर?' हा नसून 'देखरेख कोणाची?' हा होय. गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी औषध सुचवू नये. रुग्णास मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचवावे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.